डीएपीची टंचाई आधीच कशी ओळखायची आणि नाही मिळालं तर काय टाकायचं

डीएपी म्हणजे नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) देणारं खत. त्याचा तुटवडा दुकानात जूनला दिसतो, पण तो ठरतो मार्च-एप्रिललाच आणि तेही चीन, मोरोक्को, सौदीकडे. आपण तयार डीएपी निम्म्याच्या आसपास बाहेरून आणतो आणि इथे जे बनतं त्याचा कच्चा माल, म्हणजे रॉक फॉस्फेट, फॉस्फरिक ॲसिड, तोसुद्धा बहुतेक बाहेरचाच.

म्हणून उन्हाळ्यातच आधी चीनची बातमी बघा. ऑक्टोबर २०२१ पासून त्यांनी निर्यातीला तपासणीची अट लावली, तेव्हापासून कधी सैल करतात कधी आवळतात, आवळलं की जगभर डीएपी महागतं.

मग खरिपाची एनबीएस सबसिडी, म्हणजे खतातल्या अन्नद्रव्यांवर मिळणारं सरकारी अनुदान, किती जाहीर झाली ते बघा, खरी मेख इथेच आहे. स्फुरद-पालाश (पोटॅश) वर सरकार किलोमागे ठरावीक रक्कम देतं आणि डीएपीची गोणी विकायची साधारण १३५० ला, आता बाहेर भाव चढला आणि सबसिडी अन् विक्री मिळून आयातीचा खर्च निघत नसेल तर कंपनी जहाज मागवेल कशाला? भाव वाढलेत आणि सबसिडी तेवढीच आहे असं दिसलं की समजा माल कमी येणार.

युरियाचं गणित वेगळं, तो गॅसपासून बनतो, अलिबागजवळच्या थळचा आरसीएफ या सरकारी खत कंपनीचा कारखानाही गॅसवरच चालतो. २०२२ ला युक्रेन युद्धात गॅस महागला तेव्हा युरोपात युरियाला लागणाऱ्या अमोनियाचे बरेच कारखाने बंद ठेवावे लागले. आपल्याकडे ४५ किलोची गोणी २६६.५० लाच राहते, वरचा बोजा सरकार उचलतं, त्यामुळे भाववाढ गोणीवर दिसत नाही. पोटॅश तर जवळपास सगळा आयात, कॅनडा, रशिया, बेलारूस वगैरे.

आता डीएपीच्या मागे न धावता काय करायचं. डीएपीच्या ५० किलोच्या एका गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असतं. सिंगल सुपर फॉस्फेटच्या ३ गोण्या घ्या, २४ किलो स्फुरद झालं, सोबत साधारण २० किलो युरिया म्हणजे ९ किलो नत्र, हिशोब जुळला. वर १६ किलोच्या पुढे गंधक मिळतं जे डीएपीत नसतंच, सोयाबीन आणि भुईमुगाला तर हे हवंच असतं, माझं तर मत आहे की या पिकांना सुपरच पहिली पसंती असावी. गोण्या उचलायचं काम वाढतं हे खरंय. फक्त सुपर आणि युरिया आदल्या दिवशी मिसळून ठेवू नका, पाणी सुटून चिखल होतो आणि पेरणी यंत्राच्या नळ्या तुंबतात, टाकायच्या वेळीच मिसळा आणि लगेच संपवा.

आणि डीएपीसोबत दुसरं काही घ्यायची सक्ती म्हणजे लिंकिंग कुणी केलं तर घेऊ नका, ते बेकायदेशीर आहे, दुकानातल्या पॉस (विक्री नोंदवायच्या) मशीनची पावती मागून घ्या आणि ती घेऊन थेट तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या.