घरातला अँटेना घेताना आधी मनोरा शोधा, मग दुकान

"मावशी, टीव्हीला कुठला अँटेना घेऊ?" असं कोणी विचारलं की मी उलट विचारते, "मनोरा कुठल्या दिशेला आहे?" बहुतेकांना ते ठाऊक नसतं. मी हौशी रेडिओ चालवते, फावला वेळ तारा, केबल आणि डेसिबल यांच्यातच जातो, म्हणून ओळखीपाळखीतले लोक फुकट दिसणाऱ्या टीव्हीसाठीही मलाच धरतात. तर आता एकदाच लिहून टाकते.

खरेदीच्या आधी चार गोष्टी माहीत हव्यात: प्रक्षेपण करणारा मनोरा कुठल्या दिशेला आहे, किती लांब आहे, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर पाठवतो आणि त्याच्या लहरी आडव्या आहेत की उभ्या. बऱ्याच देशांत प्रक्षेपण संस्था किंवा नियामक ही माहिती नकाशासकट जाहीर करतात. लहरी बहुधा आडव्या असतात, पण ब्रिटनमध्ये मुख्य मनोऱ्याचा सिग्नल पुढे पाठवणारी छोटी सहक्षेपण केंद्रं मुख्यतः उभ्या लहरी पाठवतात. तिथे अँटेना आडवा धरून बसलात तर सिग्नल हातचा जाईल. पाचवी गोष्ट टीव्हीची. अमेरिकेत एटीएससी, युरोपात डीव्हीबी-टी किंवा टी२, जपानमध्ये आयएसडीबी-टी अशी डिजिटल टीव्ही पाठवायची पद्धत आहे. टीव्हीतला ट्यूनर, म्हणजे सिग्नलमधून चॅनेल वेगळं काढणारा भाग, त्याच पद्धतीचा नसेल तर सोन्याचा अँटेना लावूनही काही दिसणार नाही. अँटेनाला मात्र यातलं काहीच कळत नाही. त्याला डिजिटल कळत नाही, एचडी कळत नाही, फोर-के तर नाहीच. खोक्यावर हे शब्द ठळक छापलेले दिसले की मी ते खोकं परत ठेवते.

त्याला कळते फक्त लांबी. साध्या दोन दांड्यांच्या अँटेनाचा हिशेब असा: १५,००० ला फ्रिक्वेन्सीच्या मेगाहर्ट्झने भागा, म्हणजे दोन्ही दांड्या मिळून किती सेंटिमीटर हव्यात ते निघतं. प्रत्यक्षात त्याहून पाचेक टक्के कमी धरायची. ५०० मेगाहर्ट्झला ३० सेंटिमीटर येतात, म्हणजे प्रत्येक दांडी जेमतेम १५ ची. १७८ मेगाहर्ट्झला मात्र ८४ सेंटिमीटर, म्हणजे दांडी ४० च्या आसपास. यूएचएफ म्हणजे साधारण ४७० च्या वरचा पट्टा आणि वरचा व्हीएचएफ म्हणजे १७४ पासून पुढचा, यांत एवढा फरक आहे. म्हणून भिंतीला चिकटवायचे ते कागदासारखे चपटे अँटेना यूएचएफला झकास चालतात आणि व्हीएचएफवर मान टाकतात, कारण तेवढ्याशा चौकोनात लांब धातू मावतच नाही. तुमच्याकडची सगळी चॅनेलं यूएचएफवर असतील तर चपटा बिनधास्त घ्या. एखादं जरी व्हीएचएफवर असेल तर ओढून लांब करता येणाऱ्या दोन दांड्या आणि मध्ये यूएचएफसाठी एक कडं, असा जुन्या घाटाचा अँटेना घ्या. दिसायला तो गबाळा असतो खरा, पण दांडी पट्टीने मोजून हव्या त्या चॅनेलला जुळवता येते, आणि ही सोय कुठल्याही देखण्या चौकोनात नाही. त्याहून खालचा व्हीएचएफ, म्हणजे ६० मेगाहर्ट्झच्या आसपासचा, घरात पकडायचा म्हटलं तर अडीच मीटर धातू लागतो. तो नाद सोडा.

खोक्यावरचे किलोमीटर तर वाचूच नका. टीव्हीच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. मनोऱ्याच्या उंचीचं, मीटरमध्ये, वर्गमूळ काढून त्याला ४.१ ने गुणलं की रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. ३०० मीटरच्या मनोऱ्याला ते ७१ किलोमीटर येतं. तुमची खिडकी ९ मीटरवर असेल तर तिचे १२ मिळवा. झाले ८३, तेही मध्ये डोंगर किंवा इमारती नसतील तर. मग खोक्यावरचे ‘२०० किलोमीटर’ आले कुठून? हवा विशेष शांत असताना कधीकधी लांबची केंद्रं काही तास दिसतात, पण तेवढ्यावर कोणी रोजच्या बातम्या बघत नाही.

आता जागा. माझं स्पष्ट मत आहे की महागडा अँटेना टीव्हीच्या मागे ठेवण्यापेक्षा स्वस्तातला खिडकीत ठेवलेला बरा. मनोऱ्याच्या बाजूची खिडकी निवडा आणि जमेल तेवढा उंच ठेवा. चपट्याचा चेहरा मनोऱ्याकडे हवा. दांड्या असतील तर त्या मनोऱ्याच्या दिशेला काटकोनात पसरा. दांडीचं टोक मनोऱ्याकडे रोखलेलं मी नेहमी बघते, पण टोकाच्या दिशेने तो अँटेना जवळजवळ बहिरा असतो. काचेकडेही लक्ष द्या. ऊन अडवण्यासाठी धातूचा पातळ थर दिलेली काच असेल तर सिग्नलचा शंभरातला एखादाच भाग आत येतो, तेव्हा त्यापेक्षा शेजारची साधी विटांची भिंत चालेल. खिडकीच्या गजांची तर गंमतच आहे. आडव्या लहरींना उभे गज फारसे अडवत नाहीत, आडवे गज मात्र चांगलेच अडवतात. बारीक लोखंडी जाळी कुठल्याच लहरीला सोडत नाही.

नेमकी जागा नजरेने ठरत नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सिग्नलची ताकद आणि दर्जा अशा दोन पट्ट्या असतात, त्यातली दर्जाची पट्टी उघडून ठेवा. पूर्वी सिग्नल कमी पडला की पडद्यावर मुंग्या यायच्या, माणूस त्यातूनही क्रिकेट बघायचा. डिजिटलमध्ये तसं नाही. चित्र स्वच्छ असतं, मग चौकोन फुटायला लागतात आणि थोड्याच अंतरावर पडदा काळा. नुसतं चित्र बघून तुम्ही कड्याच्या किती जवळ उभे आहात ते कळत नाही, पट्टीवर कळतं. आधी सगळ्यांत कमजोर चॅनेल लावा. अँटेना काचेला टेकवून धरा, हात काढून घ्या (आपलं शरीरही लहरी अडवतं आणि परतवतं), पाच-सहा सेकंद थांबा, कारण पट्टी सावकाश हलते. मग वीतभर डावीकडे. पुन्हा थांबा. भिंतींवरून परतलेल्या लहरी खोलीत एकमेकींत मिसळून कुठे जोर धरतात, कुठे एकमेकींना मारतात. ५०० मेगाहर्ट्झला जोराची जागा आणि मेलेली जागा यांत १५ सेंटिमीटरचंच अंतर असू शकतं. म्हणून एकाच खिडकीत वरच्या कोपऱ्यात सगळं दिसतं आणि मध्यावर काहीच नाही, असं होतं. सापडलेल्या जागेवर पेन्सिलीने खूण करा, साफसफाईत अँटेना हलतोच.

सिग्नल वाढवणारा बूस्टर हवा का? घरातल्या अँटेनाची केबल दोन-तीन मीटरची. चांगल्या आरजी-६ केबलमध्ये यूएचएफवर मीटरमागे सुमारे ०.२ डेसिबल जातात (डेसिबल हे सिग्नलची घट-वाढ मोजायचं माप, तीन गेले की ताकद निम्मी), म्हणजे वाया जातं ते नगण्य. बूस्टर सिग्नलबरोबर गोंगाटही तेवढाच वाढवतो, वर स्वतःचा थोडा घालतो. केबल लांब न्यायची असेल किंवा दोन टीव्हींना वाटून द्यायची असेल (एका वाटणीत प्रत्येकाच्या वाट्याला साडेतीन डेसिबल कमी येतात), तर तो अँटेनाच्या बुडाशी लावण्यात अर्थ आहे. टीव्हीचा ट्यूनर मठ्ठ असेल तर कमी गोंगाटाचा बूस्टर थोडी मदतही करतो. मनोरा जवळ असेल तर मात्र तो चक्क घात करतो: ट्यूनरचे कान बसतात आणि चांगली चालणारी चॅनेलं गायब होतात. म्हणून बूस्टर काढून ठेवता येईल असाच संच घ्या. आतच पक्का बसवलेला असेल तर नको. बूस्टरला वीज लागते. काही टीव्ही ती अँटेनाच्या केबलमधूनच ५ व्होल्ट देतात, पण मेनूत तो पर्याय चालू करावा लागतो.

मोबाइलचा उपद्रव वेगळाच. टीव्हीचा वरचा पट्टा मोबाइल कंपन्यांकडे गेला: युरोपात टीव्ही आता ६९४ मेगाहर्ट्झपर्यंत, अमेरिकेत ६०८ पर्यंत. जुने अँटेना आणि बूस्टर मात्र ८०० च्याही पुढचं ऐकतात. घराजवळ मोबाइलचा टॉवर असेल तर त्याचा आवाज बूस्टरमध्ये शिरून टीव्हीला गुदमरवतो. त्यासाठी केबलमध्ये जोडायचा छोटा फिल्टर मिळतो, नव्या अँटेनात तो बहुधा आतच असतो. घरातलाही गोंगाट असतो, विशेषतः व्हीएचएफवर: एलईडी दिवे, चार्जर, टीव्हीच्या पाठीला खोचलेल्या स्टिक. दर्जाची पट्टी उघडी ठेवून एकेक बंद करत जा, चोर सापडतो.

इतकं करूनही सगळ्यांत चांगल्या खिडकीत दर्जा काठावरच राहिला तर दुसरा घरातला अँटेना आणू नका. त्याच पैशात बाहेरचा छोटा अँटेना घ्या, गच्ची किंवा बाल्कनीत लावा आणि केबल आत आणा. आणि जागा बदलली की चॅनेलं नव्याने शोधायला लावायचं विसरू नका, जुन्या यादीत नवीन चॅनेल आपोआप येत नाही.