ड्रॅगचा पट्टा मोजायचा तर उलटा मोजा

परवा इंदूरला राजवाड्यावर पोहे खाताना ड्रॅगचा, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या सुसाट रेसचा, विषय निघाला, भाचा म्हणाला, मामा ट्रॅक छोटा केला की रेस सेफ होते ना? होते, पण पुरती नाही, आणि बघायचंच असेल तर असं करा.

पट्टा संपतो त्या टोकाला जा आणि तिथून मागे मोजत या. ताशी १६० किमीच्या स्पीडला गाडी सेकंदाला ४४ मीटर जाते, म्हणजे ब्रेकवर पाय पडेपर्यंत तेवढं गेलंच, मग कोरड्या डांबरावर चांगले ब्रेक असले तरी अजून दीडशेक मीटर धरा, आणि तेही सगळं नीट चाललं तर हं. मी तर याच्या दुप्पट जागा सोडीन. नसेल तर फिनिश अलीकडे घ्या, नेहमीच्या ४०२ मीटरचे २०० करा, लाज कसली त्यात.

अमेरिकेत २००८ मध्ये ड्रॅग रेसर स्कॉट कॅलिटा ट्रॅकवरच अपघातात गेला तेव्हा तिथल्या ड्रॅग रेसिंगच्या संघटनेनं, एनएचआरएनं, टॉप फ्युएल आणि फनी कार या सगळ्यात वेगवान गाड्यांची रेस १३२० वरून १००० फुटांवर आणली, पट्टा तोच, थांबायला ३२० फूट जास्त. पण गाड्या सुधारत गेल्या, आता त्या १००० फुटांतच ताशी ५३० किमीच्या वर जातात!

म्हणून टोकाला वाळू आणि जाळी हवीच. वाळूत मूठ खुपसून बघा, पावसानंतर ती घट्ट बसते, बोटं आत जात नसतील तर गाडीही वरून सरळ निघून जाईल. आणि इथल्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर रात्री ट्राय करणाऱ्यांनो, तिथे वाळू नाही, डिव्हायडर आहे.