म्हैस आणि गायबगळ्याचं पुस्तक घरी करताना

कागद-पेन्सिल काढण्याआधी मुलाला घेऊन म्हशी चरतात तिथे जा. माझा भाचा सहा वर्षांचा आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो कोल्हापूरला आला, तेव्हा आम्ही रोज संध्याकाळी बांधावर बसायचो. समोर एक पंढरपुरी म्हैस असायची, लांब शिंगं पार खांद्यांवरून मागे गेलेली. तिच्या पायांशी एक गायबगळा. ती पाऊल टाकायची, गवतातून नाकतोडा उडायचा, बगळा मान पुढे काढून तो टिपायचा. पुन्हा पाऊल, पुन्हा नाकतोडा. आमची गोष्ट तिथेच सापडली.

बगळ्याला तळ्यात उभं करून चोचीत मासा देऊ नका. मुलं हमखास तसंच काढतात. गायबगळ्याचं पोट मुख्यतः गवतातल्या किड्यांवर भरतं. चोच पिवळी रंगवा.

आता पुस्तक बांधायचं. ए-फोरचे चार जाड कागद एकात एक घालून मधोमध दुमडा, की सोळा पानं होतात. पहिलं आणि शेवटचं पान मुखपृष्ठ-मलपृष्ठाला. मधे समोरासमोरच्या सात जोड्या उरतात, लहान मुलाच्या गोष्टीला तेवढ्या पुष्कळ. कागद पातळ घेऊ नका. आमच्या पहिल्या पुस्तकात स्केचपेनची शाई मागे फुटली आणि म्हशीच्या पोटातून बगळा दिसायला लागला. भाचा रडवेला झाला, सगळं नव्याने काढावं लागलं. तेव्हापासून मी तेलखडूच वापरते.

घडीवर दाभणाने तीन भोकं पाडा. गोधडीचा दोरा मधल्या भोकातून आतून बाहेर न्या, वरच्यातून आत, खालच्यातून बाहेर आणि परत मधल्यातून आत. आतल्या उभ्या टाक्यावर दोन्ही टोकांची गाठ मारा.

शब्द मात्र जपून वापरा. ‘ते दोघे जिवलग मित्र होते’ हे वाक्य लिहूच नका. म्हैस बसली, बगळा तिच्या पाठीवर चढला, तिने नुसता कान हलवला, एवढं चित्रात दिसलं की पुरे. पानाला एकच ओळ, तीही मुलाच्या तोंडची. प्रश्न उजव्या पानावर ठेवा, उत्तर पान उलटल्यावर. आमच्या पुस्तकात म्हैस विचारते, ‘कुठे गेलास?’ पान उलटलं की बगळा तिच्याच शिंगांमागे.

मला एक अडचण होती. बगळ्याला खाणं मिळतं, पण म्हशीला काय मिळतं? तो तिच्या अंगावरची एखादी माशी टिपतो, पण तिला फार काही मिळत नाही. खोटं लिहायचं नव्हतं, म्हणून भाच्यालाच विचारलं. तो म्हणाला, ‘मावशी, ती त्याला हाकलत नाही ना.’ हीच ओळ मधल्या जोडीवर मोठ्या अक्षरांत घातली. तुमच्या मुलालाही तो प्रश्न विचारा आणि उत्तर आहे तसंच लिहा, दुरुस्त करू नका.

शेवटची एक जोडी कोरी ठेवा. भाचा उन्हाळ्यात परत आला, तेव्हा बगळ्याचं डोकं नि मान नारिंगी झाली होती. विणीच्या दिवसांत त्यांचा रंग असा पालटतो. ‘हा कोण नवीन?’ त्याने विचारलं. मी काही न बोलता पुस्तक आणि नारिंगी खडू त्याच्यापुढे ठेवला.