अँड्रॉइडमध्ये स्ट्रिंग रिसोर्स काढताना या चुका टाळा

स्क्रीनवर यूजरच्या नावाआधी "नमस्कार" यायला हवं होतं आणि तिथे २१३१ ने सुरू होणारा दहा आकडी नंबर दिसतोय? फोन ठीक आहे, तुम्ही स्ट्रिंग रिसोर्समधून, म्हणजे ॲपचं टेक्स्ट ठेवायच्या एक्सएमएल फाइलमधून, टेक्स्ट काढलंच नाहीये. कोडमध्ये आर डॉट स्ट्रिंगच्या (R.string) पुढे आपण जे नाव लिहितो तो नुसता एक इंट, म्हणजे पूर्णांक, असतो, रिसोर्सचा आयडी, आणि तो प्लस करून दुसऱ्या स्ट्रिंगला जोडला की जावा असो नाहीतर कोटलिन, नंबरच चिकटणार, कंपायलर चकार शब्द काढणार नाही. आधी गेटस्ट्रिंगने टेक्स्ट काढा मग जोडा. खरं तर जोडूच नका, एक्सएमएलमधल्या वाक्यातच प्लेसहोल्डर, म्हणजे नंतर भरायची जागा, ठेवा, कारण कित्येक वाक्यांत इंग्रजीत नाव शेवटी येतं आणि मराठीत सुरुवातीला, तुम्ही कोडमध्ये तुकडे जोडत बसलात तर ट्रान्सलेशन करणाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही.

याच्या बरोबर उलटी चूक म्हणजे सेटटेक्स्टला, म्हणजे स्क्रीनवर टेक्स्ट दाखवणाऱ्या फंक्शनला, थेट काउंट देणं. इंट दिसला की त्याला वाटतं हा आयडीच आहे, मग तो शोधायला जातो, सापडत नाही आणि रिसोर्स नॉट फाउंड म्हणून ॲप क्रॅश. लॉगमध्ये एररच्या शेवटी जो हेक्स नंबर असतो तो नीट बघा, बऱ्याचदा तो तुमचाच काउंट असतो. काउंटला टूस्ट्रिंग लावा, संपला विषय.

कोडमधला आर (रिसोर्सचे आयडी ठेवणारा क्लास) लाल झालाय आणि एकही स्ट्रिंग सापडत नाही, तर क्लीन-रिबिल्ड करत बसण्याआधी वरचे इम्पोर्ट बघा. अँड्रॉइड स्टुडिओच्या ऑटो इम्पोर्टने सिस्टिमचा आर घेतलेला असू शकतो, त्यात तुमचं काही नसतं. ती ओळ उडवा.

आता कॉन्टेक्स्ट, म्हणजे ज्याच्यामार्फत कोडला रिसोर्स मिळतात तो ऑब्जेक्ट. ॲक्टिव्हिटीच्या (ॲपच्या एका स्क्रीनच्या) क्लासमध्ये वरती फील्ड डिक्लेअर करतानाच गेटस्ट्रिंग लिहिलं तर नल पॉइंटर येणारच, ऑनक्रिएटच्या, म्हणजे स्क्रीन तयार होताना चालणाऱ्या फंक्शनच्या, आधी त्या बिचाऱ्याला कॉन्टेक्स्टच मिळालेला नसतो. फ्रॅगमेंटमध्ये (स्क्रीनच्या एका भागात) वेगळी गंमत, नेटवर्क कॉल चालू असताना यूजर बॅक दाबून गेला, नंतर रिस्पॉन्स आला आणि तुम्ही गेटस्ट्रिंग केलं की "कॉन्टेक्स्टला अटॅच नाही" म्हणून क्रॅश. हे आपल्या टेबलावर कधीच होत नाही कारण आपलं वायफाय फास्ट असतं. व्ह्यू जिवंत आहे तोवरच डेटा ऐकायचा, म्हणजे व्ह्यूलाइफसायकलओनर वापरायचा. आणि व्ह्यूमॉडेलमध्ये (स्क्रीनचा डेटा सांभाळणाऱ्या क्लासमध्ये) तयार टेक्स्ट साठवू नका. यूजरने भाषा बदलली की ॲक्टिव्हिटी नवीन बनते पण व्ह्यूमॉडेल जुनंच राहतं, मग अर्धी स्क्रीन मराठी अर्धी इंग्रजी. तिथे फक्त आयडी ठेवायचा, टेक्स्ट दाखवायच्या क्षणी काढायचं. ॲपमधून भाषा बदलायची सोय दिली असेल तर ॲप्लिकेशन कॉन्टेक्स्टने (अख्ख्या ॲपच्या कॉन्टेक्स्टने) टेक्स्ट काढणंही टाळा, अँड्रॉइड १३ च्या खाली ॲपकॉम्पॅट लायब्ररी त्याची भाषा बदलत नाही, ॲक्टिव्हिटीचाच घ्या.

"माझ्याकडे मराठी दिसतं, प्ले स्टोअरवरून टाकलं की इंग्रजीच" हा प्रश्न कायम येतो. ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरला नवीन ॲपसाठी ॲप बंडलच (ज्यातून प्ले स्टोअर प्रत्येक फोनला लागेल तेवढंच देतं ती फाइल) लागतं आणि बंडलमधून फोनमध्ये सेट असलेल्या भाषांच्याच स्ट्रिंग उतरतात. फोन इंग्रजीत, मराठीचं बटण तुमच्या ॲपमध्ये, आणि मराठी फाइल फोनवर आलेलीच नाही! ग्रेडलमध्ये (ॲप बिल्ड करायच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) बंडलच्या ब्लॉकमध्ये लँग्वेजचा स्प्लिट बंद करा, साइज थोडा वाढेल, वाढू दे.

आणि आता खास आपल्या लोकांचं दुखणं, आकडे. मराठी लोकेलमध्ये, म्हणजे भाषेचं सेटिंग मराठी असताना, अँड्रॉइडचे डीफॉल्ट आकडे देवनागरी आहेत, हिंदीत तसं नाही, म्हणून हिंदीत टेस्ट करून "चालतंय" म्हणणारे इथे फसतात. गेटस्ट्रिंगला डीवाला (%d, आकड्यासाठीचा) प्लेसहोल्डर दिला की "५ मेसेज" छान देवनागरीत येतं, पण शेजारीच कोणीतरी टूस्ट्रिंग केलेलं असतं तिथे इंग्रजी आकडा, दिसायला घाण. त्यातल्या त्यात हे परवडलं. खरा घोळ तारखेचा होतो, स्ट्रिंग डॉट फॉरमॅट किंवा सिंपलडेटफॉरमॅट लोकेल न देता वापरलं आणि ती तारीख सर्व्हरला पाठवली की तिकडे "२०२४-०१-०५" असं देवनागरीत जातं, सर्व्हर म्हणतो इनव्हॅलिड डेट, आणि बग फक्त मराठी फोनवाल्यांना येतो त्यामुळे कोणाला रिप्रोड्यूसच होत नाही. डेटाबेसमध्ये तारीख टेक्स्ट म्हणून ठेवली असेल तर सॉर्टिंगही गंडतं. नियम सरळ ठेवा, माणसाने वाचायचं असेल तर यूजरचं लोकेल, मशीनने वाचायचं असेल, म्हणजे एपीआय, फाइलचं नाव, डेटाबेस, तर लोकेल डॉट रूट, म्हणजे कुठल्याच भाषेचं नसलेलं लोकेल. लिंट (कोडमधल्या चुका दाखवणारं टूल) डीफॉल्ट लोकेलची पिवळी वॉर्निंग देत असतं, ती दाबून टाकू नका. क्लायंटला मराठीतही इंग्रजीच आकडे हवे असतील तर डीच्या जागी एसवाला (%s, टेक्स्टसाठीचा) प्लेसहोल्डर ठेवा.

किरकोळ गोष्टी पटकन सांगतो. इंग्रजी स्ट्रिंगमधल्या ॲपॉस्ट्रॉफीच्या आधी बॅकस्लॅश हवा. प्लेसहोल्डर असलेल्या वाक्यात "५०% सूट" लिहायचं तर % दोनदा. बोल्ड गायब होतोय? गेटस्ट्रिंग स्टायलिंग काढून टाकतं, गेटटेक्स्ट वापरा. प्लुरल्समध्ये (एकवचन-अनेकवचनाच्या स्ट्रिंगमध्ये) काउंट दोनदा द्यावा लागतो, एकदा रूप निवडायला, एकदा आकडा छापायला. आणि मराठीत झीरोचं वेगळं रूप लिहून काही उपयोग नाही, ते कधीच निवडलं जात नाही, "एकही मेसेज नाही" साठी कोडमध्ये इफ टाका. कंपोजमध्ये (स्क्रीन कोटलिनमध्येच लिहायच्या टूलकिटमध्ये) स्ट्रिंगरिसोर्स हे फंक्शन ऑनक्लिकच्या आत चालत नाही, बाहेर काढून ठेवा.

रिलीजच्या आधी एक करा, फोन फ्रेंच किंवा जपानी, तुम्ही ट्रान्सलेट न केलेल्या कुठल्याही भाषेत टाका आणि सगळ्या स्क्रीन फिरून या. कुठे क्रॅश झालं तर ती स्ट्रिंग फक्त मराठी फाइलमध्ये आहे, डीफॉल्ट व्हॅल्यूज फोल्डरमध्ये टाकायची राहिलीये.