कॅन्सरचा डॉक्टर ठरवण्याआधी मेणाचा ब्लॉक मागून घ्या

गाठ कॅन्सरची निघाली की घरचे घाबरतात आणि जो जे नाव सांगेल तिकडे धावतात. खर्र्याने (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाने) माझ्या काकांच्या गालात जखम झाली तेव्हा आम्हीही फक्त रिपोर्ट घेऊन नागपूरला गेलो, अन् तपासणीसाठी गालातला तुकडा पुन्हा काढावा लागला.

१. लॅबमधून रिपोर्टसोबत काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉकही मागा; तपासणीला काढलेला तुकडा या मेणात जपून ठेवलेला असतो. ब्लॉक काडेपेटीहून लहान असतो. आमच्याकडच्या उन्हात मेण नरम पडतं, म्हणून एसटीत खिडकीजवळ ठेवू नका. ब्लॉक हाती असला की दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं सोपं जातं.

२. डॉक्टरांना सरळ विचारा, "ऑपरेशन, किमो आणि शेक (रेडिएशन) देणारे तिन्ही डॉक्टर मिळून ठरवणार का?" याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. जिथे तो आहे, ती जागा धरा.

३. महात्मा फुले योजनेत उपचार बसतो का, हे भरतीआधीच दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) विचारा. शेक बहुधा आठवड्यातून ५ दिवस, कित्येक आठवडे चालतो, तेव्हा मुक्कामाची सोयही बघा.

मात्र तालुक्यात कोणी "गाठ आजच काढून टाकू" म्हणालं तर तपासणी पूर्ण झाल्याशिवाय हो म्हणू नका.