कॉल फॉर स्कोअर्स: विद्यापीठाच्या महोत्सवाला आपली रचना पाठवताना

अमेरिकेतल्या कितीतरी विद्यापीठांत दरवर्षी समकालीन संगीताचे महोत्सव भरतात आणि त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी बाहेरच्या संगीतकारांनाही आपली रचना पाठवता येते. त्यासाठीचं जाहीर आवाहन म्हणजे ‘कॉल फॉर स्कोअर्स’, थोडक्यात ‘कॉल’, आणि स्कोअर म्हणजे सगळ्या वाद्यांचं संगीत एकत्र लिहिलेली प्रत. आपल्याकडे पाश्चात्त्य संगीत शिकणाऱ्या मुलांना हे फारसं ठाऊक नसतं. लंडनच्या ट्रिनिटीच्या नाहीतर रॉयल स्कूल्सच्या ग्रेड परीक्षा देत देत वर आलेली, लॅपटॉपवर गुपचूप स्वतःचं काहीतरी लिहून ठेवणारी मुलं पुण्या-मुंबईत, गोव्यात भरपूर आहेत. मीही त्यांच्यातलीच. पुढे मिशिगनमध्ये कंपोझिशनची मास्टर्स केली, इकडेतिकडे रचना पाठवल्या, काही वाजल्या, बऱ्याच परत आल्या. नंतर एका छोट्या महोत्सवाच्या निवडीच्या कामात विद्यार्थी मदतनीस म्हणून बसायला मिळालं, तेव्हा निवड कशी होते ते पहिल्यांदा कळलं. हे लिहितेय ते मुख्यतः त्या जोरावर.

आधी एक फरक लक्षात घ्या, कारण नावं सारखी वाटतात आणि गफलत होते. काही महोत्सवांना रचना पाठवायची, निवड झाली तर ते वाजवतात. ओहायोतल्या बोलिंग ग्रीन स्टेट युनिव्हर्सिटीचा न्यू म्युझिक फेस्टिव्हल १९८० पासून चालू आहे. जॉन केज, फिलिप ग्लास, पॉलिन ऑलिव्हेरोस यांच्यासारखी माणसं तिथे पाहुणे म्हणून येऊन गेली आहेत. गाव टोलेडोच्या दक्षिणेला, सपाट माळावरचं, आणि वारा असा की हातातले पार्ट, म्हणजे एकेका वादकाची पानं, उडतील. दुसऱ्या प्रकारात तुम्ही फी भरून आठवडाभर शिकायला जाता आणि त्यात तुमची एक रचना वाजते. बफेलो विद्यापीठाचा ‘जून इन बफेलो’ त्या जातीचा. तो संगीतकार मॉर्टन फेल्डमन यांनी १९७५ मध्ये सुरू केला, मधली काही वर्षं बंद होता, मग संगीतकार डेव्हिड फेल्डर यांनी पुन्हा उभा केला. दोन्ही आपापल्या जागी चांगले, पण पहिल्याचं यश आणि दुसऱ्याचा प्रवेश या वेगळ्या गोष्टी आहेत. घरच्यांना पैशांचं सांगताना तरी हे स्पष्ट असू द्या.

आता मुद्द्याचं. निवड समितीत बसलेली माणसं त्याच विद्यापीठातली शिक्षक असतात, दिवसभर शिकवून आलेली. समोर स्कोअर्सचा ढीग. पहिला प्रश्न ‘ही रचना किती थोर आहे’ हा नसतोच. पहिला प्रश्न असतो, ‘हे आपल्याकडे कोण वाजवणार?’ दुसरा, ‘किती तालमींत बसेल?’ विद्यार्थी वादक असतील तर त्यांचे वर्ग, नोकऱ्या, स्वतःच्या परीक्षा सांभाळून दोन-तीन तालमी मिळाल्या तर डोक्यावरून पाणी. बावीस मिनिटांची, प्रत्येक मापात (बारमध्ये) ठेका बदलणारी रचना उत्तम असूनही बाजूला जाते आणि आठ मिनिटांची नेटकी रचना आत येते. यात अन्याय आहे, मान्य. पण गणित हे असं आहे.

म्हणून कॉलमध्ये दिलेली वाद्यांची यादी हाच खरा मजकूर समजा. यादीत व्हायोलिन, क्लॅरिनेट, चेलो, पियानो असेल आणि तुमच्याकडे दोन व्हायोलिनची रचना असेल, तर ‘चालवून घेतील’ अशा आशेवर पाठवू नका. घेत नाहीत. आणि नव्यानं लिहिणार असाल तर सॅक्सोफोन आणि तालवाद्यांकडे वळा. व्हायोलिनवाल्याकडे तीनशे वर्षांचा खजिना पडलेला आहे, त्याला तुमच्या रचनेची भूक कशाला असेल? सॅक्सोफोनचं पेटंटच १८४६ चं. त्या वादकांना नवं काही मिळालं की ते तुटून पडतात, आणि अमेरिकन विद्यापीठांत सॅक्सोफोन क्वार्टेट पावलोपावली भेटतात. पर्कशनवाल्यांचंही तेच. शिवाय ‘पिएरो’ संच, म्हणजे बासरी, क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो, पियानो. शोनबर्गच्या १९१२ च्या ‘पिएरो लुनेर’ या रचनेवरून हे नाव पडलं आणि तेव्हापासून नव्या संगीताचा तो ठरलेला ताफा झालाय. त्याच्यासाठी एखादी रचना हाताशी असू द्या.

अल्टो सॅक्स ट्रान्सपोझिंग वाद्य आहे, हे ग्रेडच्या थिअरीत पाठ केलेलं असतं पण हाताला सवय नसते. पेटीवर कुणाचा सा काळी एक, कुणाचा पांढरी पाच, तसंच हे: वादक ‘सी’ वाजवतो, कानावर ‘ई फ्लॅट’ येतो. स्कोअर कुठल्या प्रकारचा आहे, कॉन्सर्ट पिच (कानावर येणारे स्वर) की ट्रान्सपोझ्ड (वादकाला दिसणारे स्वर), हे पहिल्या पानावर लिहा. पार्ट मात्र नेहमी ट्रान्सपोझ्डच.

भारतीयपणाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्यातल्या जवळजवळ प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. रागाचं नाव शीर्षकात घालून खाली कुठलाही मोडल स्केल फिरवला की समितीतला एखादा जाणकार लगेच ओळखतो. आता तिकडेही बऱ्याच जणांनी हिंदुस्तानी संगीत थोडंफार ऐकलेलं असतं. पण खरी अडचण कागदावर उतरवण्याची आहे. मींड घ्या. दोन स्वरांमध्ये ग्लिसांडोची, म्हणजे स्वर सरकवण्याची, रेघ ओढलीत तर चेलोवादक पहिल्या स्वराच्या सुरुवातीपासूनच सरकायला लागतो आणि सगळा वेळ एकसारखा सरकत राहतो. त्यानं नियम पाळलेला असतो, ऐकू येतो मात्र सायरन. तुम्हाला हवं असतं आधी स्वरावर टिकणं आणि शेवटी वळसा घेऊन खाली उतरणं. त्यासाठी तो स्वरच तोडून लिहा: दोन मात्रांचा असेल तर दीड मात्रेचा स्वर, त्याला टायनं जोडलेला अर्ध्या मात्रेचा, आणि रेघ फक्त त्या शेपटापासून. एवढ्या बदलानं निम्मं काम होतं. दरबारीतल्या कोमल गंधाराचं आंदोलन ‘व्हायब्रेटो’ लिहून मिळत नाही. किती खाली जायचं आणि किती सावकाश, हे लहरी रेघेनं आणि शब्दांनी दाखवा, आणि सोबत स्वतः गाऊन फोनवर रेकॉर्ड केलेला तुकडा वादकाला पाठवा. माझ्या चेलोवादकानं तो तुकडा ऐकून विचारलं होतं, “म्हणजे स्वराला झोपेतून उठवायचं नाही, एवढंच ना?” त्यापेक्षा चांगली सूचना मला लिहिता आली नसती, म्हणून पुढच्या आवृत्तीत तीच छापली.

झपतालासारखे ठेके तुलनेनं सोपे. दहाच्या मापात दोन-तीन-दोन-तीन असे गट बीमनं (स्वर जोडणाऱ्या जाड आडव्या रेघेनं) दाखवा, मध्ये तुटक रेघा द्या. तबला घालायचा असेल तर वादक तुम्हीच आणायचा आहे हे गृहीत धरा, आणि फॉर्ममध्ये तसं लिहा.

फाईलींचं कंटाळवाणं काम उरकून घेऊ. बहुतेक निवडी निनावी असतात. मुखपृष्ठावरचं नाव सगळेच काढतात, पण स्कोअरच्या तळाशी कॉपीराइटच्या ओळीत नाव राहतं, आणि पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘ऑथर’ म्हणून सिबेलियस किंवा म्युझस्कोर या स्कोअर लिहायच्या सॉफ्टवेअरनं भरलेलं नाव राहतं. पाठवण्याआधी फाईल उघडून ते बघा. तिकडचा कागद ए-फोर नसून लेटर आकाराचा असतो, थोडा रुंद आणि थोडा आखूड. पार्ट त्याच मापात बसवा, नाहीतर छापताना खालची ओळ कापली जाते. पान उलटण्याची जागा रेस्टमध्ये, म्हणजे वादक थांबलेला असतो तिथे, आणा. पर्कशनवाल्याच्या दोन्ही हातांत दोन-दोन मॅलेट (वाजवायच्या काठ्या) असतात, तो पान कशानं उलटणार?

रेकॉर्डिंग मागितलं असेल तर प्रत्यक्ष वाजवलेलं द्या, कच्चं असलं तरी. कॉम्प्युटरच्या आवाजातलं डेमो काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी स्पष्ट मनाई असते. आणि चालतं तिथेही ते तुमच्या रचनेचं नुकसानच करतं, विशेषतः तंतुवाद्यांचं. भारतात असाल तर एखाद्या चेलो किंवा क्लॅरिनेटवाल्या मित्राला गाठून तीन मिनिटांचा तुकडा तरी वाजवून घ्या. वादक मिळतच नसतील तर इलेक्ट्रॉनिक रचना हा अगदी सन्मानाचा रस्ता आहे. कॉम्प्युटर म्युझिकची आंतरराष्ट्रीय परिषदसुद्धा १९७४ मध्ये मिशिगन स्टेट या विद्यापीठातूनच सुरू झाली. आठ चॅनेलची (आठ स्पीकरांसाठीची) रचना असली तरी ऐकण्यासाठी स्टीरिओ आवृत्ती सोबत जोडा. समितीतला माणूस बहुधा हेडफोन लावून ऐकत असतो.

गायनाची रचना असेल तर शब्दांच्या हक्कांचं आधी बघा, कारण निवड झाल्यावर परवानगीचं पत्र मागतात आणि तेव्हा धावपळ होते. भारतात कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या हयातीत छापलेल्या कविता इथे १ जानेवारी २०१७ पासून मोकळ्या आहेत. अमेरिकेत मात्र हिशेब वेगळा. १९९६ च्या सुरुवातीला मायदेशात हक्क शाबूत असलेल्या जुन्या परदेशी कृतींना तिथे प्रकाशनापासून पंचाण्णव वर्षं धरतात. म्हणजे १९४७ च्या ‘काही कविता’ तिथे २०४२ संपेपर्यंत सुटत नाहीत. तुकोबा, जनाबाई यांची अडचण नाही, पण तुम्ही प्रोग्रॅममध्ये छापायला घेतलेलं इंग्रजी भाषांतर कुणाचं आहे ते तपासा. सगळ्यात सोपं म्हणजे स्वतःच भाषांतर करा.

फीबद्दल माझं मत कडक आहे. बक्षीस नाही, मानधन नाही, आणि तरी रचना पाठवायलाच डॉलर मागतात, अशा ठिकाणी मी पाठवत नाही. फी न घेणारे महोत्सव पुरेसे आहेत. अमेरिकन कंपोझर्स फोरमच्या संधींच्या यादीवर, सोसायटी ऑफ कंपोझर्सच्या सूचनांवर नजर ठेवली तरी वर्षभर पुरेल इतकं काम मिळतं. प्रवासखर्च मात्र जवळजवळ कुणीच देत नाही, आणि हजर राहण्याची अट बरेच घालतात. पुण्यात बसून पाठवत असाल तर ही अट सगळ्यात आधी वाचा. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख महोत्सवाच्या तारखेला जुमानत नाही. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर तिकडे शिकत असाल आणि कुणी मानधन देऊ केलं, तर होकार कळवण्याआधी आपल्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारा.

प्रोग्रॅम नोट आणि परिचय आधीच लिहून ठेवा, शंभर-सव्वाशे शब्दांत. नोटमध्ये रचनेत काय ऐकू येईल ते लिहा. ‘काळ आणि अवकाश यांच्यातला संवाद’ वगैरे नको, ते प्रत्येकानं लिहिलेलं असतं. परफॉर्मिंग राइट्स संस्थेचा (रचना वाजल्यावर रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचा) रकाना असतो, तिथे आपल्याकडच्या आयपीआरएसचे सभासद असाल तर ते लिहायचं. नसाल तर रिकामा ठेवला तरी अडत नाही.

निवड झाली आणि पोचलात, की तालमीत कमी बोला. पहिल्यांदा पूर्ण वाजू द्या. मग “माप बेचाळीस, क्लॅरिनेट जरा पुढे” अशा भाषेत सांगा. भावना समजावत बसलात तर वेळ संपतो. वादकांना तुमच्यापेक्षा जास्त दिसत असतं, त्यांनी फिंगरिंग (कुठलं बोट कुठे, ते) बदलून दिलं तर घ्या. कार्यक्रमात रचना संपल्यावर तुम्ही प्रेक्षकांत जागेवर उभं राहायचं, आधी वादकांकडे हात करायचा, त्यांनी खुणावलं तर स्टेजवर जायचं. मला हे कुणीच सांगितलं नव्हतं, शेजारच्या बाईंनी कोपरानं ढोसून उठवलं.

नंतरचं एक काम फार जण विसरतात. रेकॉर्डिंग सहसा काही आठवड्यांनी येतं आणि मागितल्याशिवाय येईलच असं नाही, म्हणून निघण्यापूर्वी ध्वनिमुद्रणवाल्याला भेटून ठेवा. पुढच्या कॉलसाठी ते वापरू का, हे वादकांना विचारून घ्या. फाईल आली की सुरुवातीची निवेदकाची घोषणा कापा, त्यात तुमचं नाव असतं. शेवटच्या टाळ्याही काढा, आणि मगच ती निनावी निवडीला जोडा.