एका डोळ्याला अचानक अंधारी? या चुका टाळा

"एका डोळ्यानं अंधूक दिसतंय, पण दुखत नाही. छाटणी उरकली की मिरजेला दाखवू." तासगाव-पलूसकडच्या द्राक्षबागायतदारांच्या घरात ऑक्टोबरमध्ये हे वाक्य हमखास कानावर पडतं. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. डोळ्याच्या पडद्याला दुखणं कळतच नाही. त्याची मुख्य धमनी गुठळीनं बंद झाली तरी डोळा ठणकत नाही, लाल होत नाही, फक्त दिसायचं जातं. रक्त पूर्ण तुटलं तर साधारण चार तासांत पडद्याचं कायमचं नुकसान होतं, कित्येकदा त्याच्याही आधी. हा डोळ्याचा पक्षाघातच. त्यामुळे चष्म्याच्या दुकानात न जाता मेंदूच्या झटक्यावर उपचार होतात अशा मोठ्या दवाखान्यात तडक जा.

पाच मिनिटं काळोख आला आणि परत दिसायला लागलं, म्हणून गप्प बसणारेही पुष्कळ. ही मेंदूच्या झटक्याची आगाऊ सूचना असू शकते. मानेच्या धमन्यांचा डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) आणि हृदयाची तपासणी त्याच दिवशी करून घ्या. वय पन्नाशीपुढचं असून कानशील दुखत असेल, चावताना जबडा भरून येत असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.

"मोतीबिंदू असेल, पिकू दे." मोतीबिंदू एका रात्रीत येत नाही. मेडिकलमधून आणलेले थेंबही इथं कामाचे नाहीत.

मधुमेह्यांची चूक वेगळी. लांबची एसटीची पाटी वाचता येते म्हणजे पडदा ठीक, असं नसतं. बारीक रक्तवाहिन्या आतून बंद पडत असतात. बाहुली मोठी करून वर्षातून एकदा पडदा तपासून घ्या. बाहुली मोठी करायच्या थेंबांनी काही तास धूसर दिसतं, तेव्हा मोटरसायकल घेऊन एकटे जाऊ नका. पडद्याला सूज आल्यावर डोळ्यात इंजेक्शनं देतात. पहिल्या एक-दोन इंजेक्शनांत बरं वाटलं की लोक पुढची बुडवतात आणि सूज परत येते. खर्चाची अडचण खरी आहे, पण ती डॉक्टरांशी बोला, परस्पर बंद करू नका.

बीपीची गोळी फक्त तपासणीच्या आदल्या दिवशी घेणाऱ्यांबद्दल काय बोलावं! तंबाखू-सिगारेट तर बंदच करा.

घरी एवढं करा: एक डोळा तळव्यानं झाका, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखा वाचा, मग दुसरा झाका. एका बाजूचे आकडे पुसट किंवा चौकटी वाकड्या दिसल्या तर वेळ लिहून ठेवा. दवाखान्यात पहिला प्रश्न हाच असतो: शेवटचं नीट कधी दिसलं होतं?